मोडकांची खुत्स्पा

पुरुषोत्तम मोडकांना वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी निर्लज्ज व्हायचं होतं, आणि तेही मे महिना संपायच्या आत.

निर्लज्ज व्हायला मुदत कशाला लागते, असं कुणी म्हणेल. ज्यांना ते उपजत जमतं त्यांना लागत नाही. पण मोडकांच्या घराण्यात गेल्या तीन पिढ्यांत हा प्रयोग कुणी केलेलाच नव्हता. वडील मिरजेच्या पोस्टात चौतीस वर्षं होते. बढती मागितली तर साहेबांना उगाच अडचणीत टाकल्यासारखं होईल, म्हणून ज्या टेबलाशी चिकटले त्याच टेबलावरून निवृत्त झाले. आई त्यांच्याही वरचढ. कुणाकडे गेली आणि समोर बशी आली, की "आत्ताच जेवून आले" हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघायचं. मग घरी येऊन गुपचूप पोहे भिजवायची. मागणं ही गोष्ट त्या घरात चोरीपेक्षा जेमतेम एक पायरी बरी समजली जायची.

अशा घरातला हा मुलगा अमेरिकेला आला तोही त्याच्या प्रोफेसरांनी समोर बसवून फॉर्म भरून घेतला म्हणून. आता पंधरा वर्षांनी, १९८३ साली, तो शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका पंपांच्या कंपनीत ड्रॉइंग्ज तपासत होता. एप्रिलच्या मध्यावर मिरजेहून बहिणीचं, लताचं, निळं एरोग्राम आलं. 'आई मार्चमध्ये दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, मुलगा एकदा येऊन भेटून गेला तर बरं. लवकर आला तर अधिक बरं. पण तू तुझी सोय बघ.' खाली कडेच्या जागेत आईच्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'लता काहीबाही लिहिते. मी ठणठणीत आहे. येण्याची दगदग करू नकोस, तुमच्याकडे रजेचं अवघड असतं.'

मोडकांना ही भाषा जन्मापासून येत होती. त्यांच्या घरात 'येऊ नकोस' या शब्दांना एकच अर्थ होता. त्यांनी ते पत्र तीनदा वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "नीला, मला जायला हवं."

"मग रजा मागा," नीला म्हणाली.

इथे घोडं पेंड खात होतं. हातात रजा उरली होती सहा दिवस. त्यातले चार मिरजेला जाण्यायेण्यातच गेले असते. म्हणजे निदान महिनाभराची रजा साहेबांकडे मागावी लागणार होती. साहेब म्हणजे डेनिस हॅल्व्हरसन, सव्वासहा फूट उंच, आणि नऊ वर्षांत मोडकांशी 'गुड मॉर्निंग' आणि 'लुक्स फाइन' याखेरीज काही न बोललेले. एवढ्यावरून मोडकांनी ते फार कडक असल्याचा निष्कर्ष काढला होता. साहेब त्यांना पहिल्या दिवसापासून 'पॉल' म्हणत. ती चूक दुरुस्त करायची म्हणजे साहेबांची चूक दाखवायची, म्हणून मोडक नऊ वर्षं पॉल होते.

त्यातून दिवस वाईट होते. जानेवारीपासून त्यांच्या मजल्यावरची अकरा माणसं खोक्यात आपापल्या कुंड्या आणि फोटो भरून घरी गेली होती. तिथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात, एका बेसमेंटमध्ये, मोडकांनी नुसता विषय काढला आणि श्रीखंड बाजूला राहिलं. अतुल सबनीस हा मंडळाचा सर्वज्ञ. कॉम्प्युटरमधला असल्यामुळे त्याला बाकीचंही सगळं कळे. तो म्हणाला, "डोन्ट इव्हन थिंक अबाउट इट, यार! आत्ता महिनाभर रजा मागायची म्हणजे माझ्यावाचून तुमचं चालतं हे आपणच जाऊन सांगायचं."

कांचनकाकूंचं मत पडलं की आधी साहेबांना चार दिवस घरचे बेसनाचे लाडू न्यावेत. विनय नावाचा पीएचडीचा विद्यार्थी, ज्याने आयुष्यात नोकरी केलेली नव्हती, त्याने सांगितलं, "काका, तोंडी काही बोलू नका. डॉक्टरचं सर्टिफिकेट मागवा. डॉक्युमेंटेशन इज एव्हरीथिंग." मोडकांना हा सल्ला सगळ्यांत आवडला, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी लताला पत्र टाकलं.

सर्टिफिकेट यायला तीन आठवडे लागले. डॉक्टर घरी येऊन लिहायला बसले तेव्हा आई त्यांच्या खांद्याशी उभी राहून म्हणाली होती, "फार काही लिहू नका हो, तो घाबरेल." डॉक्टर भिडस्त. त्यांनी शिक्क्यासकट लिहून दिलं की पेशंटला वयोमानाने किंचित अशक्तपणा आहे, भूक उत्तम. हा कागद दाखवून मोडकांना रजा सोडाच, उलट आईच्या तब्येतीबद्दल अभिनंदन मिळालं असतं.

आणि म्हणून गोष्ट सॉल वेक्सलरपर्यंत गेली. सॉल शेजारच्याच टाउनहाउसमध्ये एकटा राहायचा. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, सगळी हयात शिकागोत बटणं विकण्यात गेलेली. पत्रपेटीपाशी उभ्या उभ्या मोडकांनी त्याला सगळं सांगितलं.

"मग विचार की त्याला," सॉल म्हणाला.

"कसं विचारू?"

"तोंडाने." सॉलने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुझ्यात काय कमी आहे सांगू? खुत्स्पा."

हा शब्द त्याने असा काही घशातून काढला की मोडकांना वाटलं म्हातारा आजारी आहे. सॉलने समजावून सांगितलं की हा यिडिश शब्द, त्याच्या आईच्या भाषेतला. आता अमेरिकेत सगळेच वापरतात, वकील तर फारच.

"म्हणजे धैर्य?"

"धैर्य सैनिकाला लागतं. हे ऐक. माझा मेव्हणा माझी छत्री मागून एका लग्नाला गेला. लग्नाचं त्याला बोलावणं नव्हतं. छत्री तिथेच विसरून परत आला आणि मला म्हणतो, सॉल, पुढच्या वेळी जरा काळी देत जा, तपकिरी लोकांच्या डोळ्यावर येते. याला म्हणतात खुत्स्पा."

"म्हणजे वाईटच की."

"भयंकर! आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही." सॉलने पत्रपेटी बंद केली. "पुढे तो त्याच नवरीच्या बापाच्या दुकानात भागीदार झाला."

मोडक घरी येऊन विचार करत बसले. आगाऊपणा? त्यात कौतुक नाही. धिटाई? ती शाळेतल्या मुलांची. धारिष्ट म्हणावं तर त्यात थोडी शरम शिल्लक राहते, आणि उद्धटपणात मेव्हण्याची ती निरागसता नाही. मराठीत इतके शब्द असून या एका गुणापुढे सगळे सभ्य वाटत होते. आपल्याकडे ही गोष्ट नव्हती म्हणून शब्द नव्हता असं मात्र नाही. मंडळाचे खजिनदार डोळ्यांसमोर होते.

यानंतर मोडकांनी जी चूक केली ती फक्त आपल्याकडचा, पहिल्या दहांत आलेला माणूसच करू शकतो. त्यांनी खुत्स्पाचा अभ्यास करायचं ठरवलं. आधी सोपे धडे, मग अवघड, आणि चांगली तयारी झाली की शेवटी साहेब. वही आणली, समास आखला, पहिल्या पानावर कोपऱ्यात 'श्री' लिहिलं आणि खाली मुदत घातली : ३१ मे.

पहिला धडा सॉलनेच नेमून दिला : एखादी वापरलेली वस्तू दुकानात नेऊन परत करायची. मोडक आपली चार वर्षांची इस्त्री घेऊन गेले. पावती नव्हती. तळाला लेकीच्या, दीपाच्या, नायलॉनच्या फ्रॉकचा तुकडा चिकटलेला होता. काउंटरवरच्या मुलीने इस्त्री पाहिली, "ओ, आय ॲम सो सॉरी अबाउट दिस" म्हणाली आणि नवी कोरी इस्त्री हातात दिली. मोडकांनी पाठ केलेली सात वाक्यं तोंडातच राहिली. तो दिवस त्यांचा बरा गेला नाही. त्या मुलीला आपण फसवलं हे मनातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते नवी इस्त्री परत करायला गेले. आज तिथे मॅनेजर होता. गिऱ्हाईक दोन दिवसांत दुसऱ्यांदा इस्त्री घेऊन आलं हे पाहून तो हादरला. मोडक सांगतायत की मला ही नकोच, आणि तो म्हणतोय की तुमची नाराजी मी समजू शकतो. परत घ्यायचा फॉर्म होता, बदलून द्यायचा होता. पश्चात्तापाचा फॉर्म नव्हता. शेवटी मोडक वाफेची, मोठ्या मापाची, अधिक महागातली इस्त्री आणि मॅनेजरचं माफीचं पत्र घेऊन घरी आले.

"बाबा, दॅट इज सो एम्बॅरसिंग," तेरा वर्षांची दीपा म्हणाली. "प्लीज डोन्ट टेल एनीवन वी आर रिलेटेड."

दुसरा धडा रांगेत घुसण्याचा. त्यासाठी त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सचं ऑफिस निवडलं, कारण तिथे रांग खात्रीची. सर्वांत पुढच्या बाईंना त्यांनी छातीवर दगड ठेवून विचारलं, "मी तुमच्या आधी जाऊ का?" बाई म्हणाल्या, "शुअर, हनी." मागून कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही. मोडक खिडकीशी पोचले, आणि आपलं इथे काहीच काम नाही हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आतली बाई पेन घेऊन वाट बघत होती. तिला रिकामं ताटकळत ठेवणं असभ्य दिसेल, म्हणून मोडकांनी समोरच्या पाटीवरचा पहिला शब्द वाचला. तो मोटरसायकल होता. अर्ध्या तासाने ते डोळे तपासून, फोटो काढून आणि मोटरसायकलच्या परीक्षेची तारीख घेऊन बाहेर पडले. मिरजेत वडिलांची सायकलसुद्धा त्यांनी कधी मागितली नव्हती.

हे सगळं ऐकून सॉल इतका हसला की त्याला खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. मोडकांना राग आला. माणूस एवढ्या कष्टाने बिघडायला निघालाय आणि जग त्याला बिघडूच देत नाही, यात हसण्यासारखं काय होतं?

आणि या रागाच्या पोटात जे होतं ते मोडकांनी कुणाला सांगितलं नाही. ते घाबरले होते. साहेबांना नव्हे, साहेब 'नाही' म्हणाले तर, याला. मागितलं आणि नाही मिळालं, तर मग आईला काय सांगायचं? जोवर मागितलं नव्हतं तोवर जाणं अजून शिल्लक होतं. म्हणून ते रोज सकाळी साहेबांच्या काचेच्या दारापर्यंत जात, आज साहेब कामात दिसतात असं ठरवत आणि परत येत. मे असाच गेला. लताची दोन पत्रं आली. दोन्हींत आई ठणठणीत होती.

जूनच्या तीन तारखेला, शुक्रवारी, नीलाने डबा हातात देताना म्हटलं, "आज नाही विचारलंत तर मी येऊन विचारते." नवऱ्याच्या ऑफिसात बायको येऊन रजा मागते या कल्पनेपेक्षा मोडकांना साहेब परवडले. त्यांनी बारा कार्डं लिहून घेतली. पहिल्यावर प्रस्तावना, अकराव्यावर अतुलचा इशारा लक्षात ठेवून कंपनीचा फायदा, बाराव्यावर आभार. दहा वाजता ते आत गेले. दारातच कार्डं हातातून निसटून खाली पडली, आणि उचलताना जे वर आलं ते वाचायला सुरुवात केली.

"माझी आई आजारी आहे," चौथ्या कार्डावर होतं.

हॅल्व्हरसननी फोन खाली ठेवला. "कधीपासून?"

"एप्रिलपासून."

"पॉल, आज जून उजाडला."

"हो सर."

"मग तू इथे काय करतोयस?"

मोडक उत्तरासाठी कार्डं चाळू लागले. हॅल्व्हरसन उठून टेबलाला वळसा घालून आले. "पंप कुठे पळून जात नाहीत. चार आठवडे घे, सहा घे, लागतील तेवढे घे. मी बघतो इथलं. अरे, एप्रिलमध्येच सांगायचं होतंस मला."

एकंदर मुलाखत चार मिनिटांची. मोडक गाडीत जाऊन बसले. आधी त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं; सात आठवडे तलवारीला धार लावावी आणि समोरच्याने दार उघडून चहा विचारावा, तसं. मग सात आठवडे या शब्दांचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला, आणि कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये, भर उन्हात, काचा वर करून ते रडले.

तिकीट पुढच्या गुरुवारचं मिळालं. त्याच संध्याकाळी ते सॉलला सांगायला गेले. सॉल या वेळी हसला नाही.

"चूक माझी झाली," तो म्हणाला. "मी तुला भलताच शब्द शिकवला. आपला हक्क नाही ते मागायला खुत्स्पा लागते. आईला भेटायला जातो हे सांगायला कुठलाच शब्द लागत नाही रे."

मोडक म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही." कुणालाही वाईट वाटू द्यायचं नाही, ही सवय त्याही क्षणी सुटली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी ऑपरेटरला सांगून मिरजेला फोन लावला. लताच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या जोशीवकिलांकडे होता. लाइनीवर खरखर झाली, मग लताचा आवाज आला.

"लता, मी येतोय! गुरुवारी निघतो. रजा मिळाली."



"दादा," लता म्हणाली, "बुधवारी आईला झटका आला. उजवा हात गेलाय. बोलते, पण माणसं ओळखत नाही. परवापासून मला नर्स समजते. तुला घोर नको म्हणून तार केली नाही रे. करावी की नको... मला कळलंच नाही काय करावं."

मोडकांनी भिंतीला हात टेकला. बुधवार. मंगळवारी सकाळीसुद्धा ते त्या काचेच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते.

"मला बोलू दे तिच्याशी."

वकिलांनी लांब वायर लावून फोन खिडकीतून आईच्या कॉटपाशी दिला होता. बरीच खुडबुड झाली. मग तिचा आवाज आला, जड, एका बाजूला घसरलेला, पण तिचाच.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"आई, मी पुरू. शॉमबर्गहून बोलतोय. पुरुषोत्तम."

"हो हो, तिथेच असतो तो!" आई एकदम खुलली. "म्हणजे तुम्ही एक्स्चेंजमधले ना? लागतो का हो तिकडे फोन?"

मागून लता म्हणत होती, "अगं आई, दादाच आहे तो," आणि आई तिला दटावत होती, "थांबा हो सिस्टर, मी बोलतेय ना त्यांच्याशी."

"लागतो," मोडक म्हणाले.

"तुम्हाला त्रास देते, रागावू नका हं. माझं एक काम होतं."

हे शब्द मोडकांनी आईच्या तोंडून आयुष्यात ऐकले नव्हते. नीला शेजारी येऊन उभी राहिली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सांगा ना."

"माझ्या मुलाला निरोप द्यायचा होता. यायला जमेल का म्हणावं. मी ठणठणीत आहे असं लिहिते मी त्याला, पण ते काही खरं नाही हो. बघावंसं वाटतं. पण मी म्हटलं असं सांगू नका, त्याला उगाच संकोच होईल. तुम्हीच आपलं सुचवल्यासारखं सांगा."

"नाही," मोडक म्हणाले. "तुम्हीच म्हणालात असं सांगणार."

पलीकडे आई विचारात पडली. "बरं दिसेल का ते?"

"दिसेल."

"मग सांगा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चोरी करत असल्यासारखा खाली आला. "आईने बोलावलंय म्हणावं. लवकर ये म्हणावं. पण आत्ता नका सांगू, आत्ता तिकडे सकाळ असेल, कामावर जायची घाई असते त्याची. सवडीने सांगा."

"सांगितलं," मोडक म्हणाले. "आत्ताच सांगितलं त्याला."

"इतक्यात?" आईला भारी आश्चर्य वाटलं. तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावायचा प्रयत्न केला असावा, कारण मधे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि लता धावली. मग आई पुन्हा आली, जवळ, श्वास ऐकू येईल इतकी जवळ.

"काय म्हणाला हो?"

"येतो म्हणाला."